माप बरोबर, पाना जात नाही

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की सगळ्यात जास्त दोष मला माझ्या आवडत्या गेममध्येच दिसतात. त्यावर टपालाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं आलं की या वेळी दुसरा विषय घ्यायची सोय नाही. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: मी नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात २६ वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला होते. हातात माप घ्यायचं व्हर्नियर, समोर वस्तूचं ड्रॉइंग. निवृत्त झाले त्याच वर्षी मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचा पीएस फोर, गेमचा कन्सोल, टीव्हीखाली तसाच राहिला. 'विकून टाक' म्हणाला होता. विकला नाही.

प्रश्न: ताई, मी अंबडला सीएनसी मशीनवर आहे. सेकंड शिफ्ट करून घरी यायला साडेबारा होतात, मग तासभर खेळतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' घेतला. असा गेम आजवर पाहिला नाही. पण दर दोन दिवसांनी इतका वैताग येतो की कंट्रोलर भिंतीवर मारावासा वाटतो. मिशनमध्ये, म्हणजे गोष्टीतल्या नेमून दिलेल्या कामात, जरा वेगळं काही केलं की फेल. जनावर मारलं की कातडं काढायला एवढा वेळ. परवा मिशन संपत आलं आणि लाइट गेली, सगळं पहिल्यापासून. मित्र म्हणतो तुला खेळता येत नाही. चूक माझी की गेमची? (अंबड)

उत्तर: तुझी नाही. मित्राला सांग, ताईंनी लिहून दिलंय.

माल परत आला की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असायचा: चूक मशीनवरची की ड्रॉइंगमधली? एकदा एका ब्रॅकेटचा लॉट गेला. चार भोकं, चारही मापात, अंतरं बरोबर, फिनिश उत्तम. मीच तपासून शिक्का मारला होता. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन. जाऊन बघते तर त्यांचा फिटर ब्रॅकेट समोर घेऊन बसलेला. बोल्ट भोकात जातो, पण शेजारची भिंत इतकी जवळ की पाना फिरत नाही. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही. पाना लावला, जरासा वळवला, टक्क. काढला, परत लावला, टक्क. चारही भोकांवर मला ते करून दाखवलं. ड्रॉइंगबरहुकूम काम होतं आणि काम वाया होतं. त्यानंतर आमच्या खात्यात म्हणच पडली, 'माप बरोबर, पाना जात नाही.'

गेमचंही तेच. घोडा हवेत तरंगतो, माणूस भिंतीत अर्धा अडकतो, ही मशीनवरची चूक. अपडेट आला की जाते, आणि तिचा राग येत नाही, हसूच येतं. तुझा वैताग दुसऱ्या जातीचा आहे. गेम त्यांना हवा होता अगदी तसाच चाललाय, आणि पाना जात नाहीये.

आता तुझ्या गेमकडे येते. २६ ऑक्टोबर २०१८ला तो आला, पीसीवर यायला पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. गोष्ट १८९९ सालची. आर्थर मॉर्गन हा दरोडेखोर, डच व्हॅन डर लिंडची टोळी, आणि त्यांचा मोकळा मुलूख संपत चाललेला. फिरायला जे जग दिलंय त्याला तोड नाही. आर्थरची दाढी दिवसागणिक वाढते. खायला घातलं नाही तर तो वाळतो. बर्फात पातळ सदऱ्यावर नेलं तर काकडतो. मारलेलं जनावर घोड्यावर फार दिवस तसंच ठेवलं तर कुजतं. थंडीचा घोड्याच्या एका अवयवावर काय परिणाम होतो तेसुद्धा दाखवलंय, त्यावर जगभर लिहून आलं, मी इथे लिहीत नाही.

या जगात एक हरीण मारायचं झालं तरी दहा गोष्टी तुझ्या हातात असतात. वारा कुठून येतोय, धनुष्य घ्यायचं की रायफल, रांगत जायचं की घोड्यावरून दोर फेकायचा. कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही. जमलं तर जमलं, नाही तर हरीण पळालं.

आणि याच माणसाला मिशनमध्ये पाऊल टाकलं की शाळेच्या सहलीतलं पोर करून टाकतात. पिवळ्या रेषेवरून चला. आता उतरा. आता या ओंडक्यामागे बसा. मी एकदा काय केलं, साथीदार समोरून निघाले तेव्हा मला उजव्या हाताला टेकाड दिसलं. आयुष्यभराची सवय, वस्तू आधी सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची. म्हटलं वरून बघू तरी. निम्मी चढले असेन नसेन, मिशन फेल. कारण काय, तर साथीदारांना सोडून गेलात. अहो, सोडून कुठे गेले, त्यांच्याच कामाला निघाले होते! ते टेकाड खरं आहे, त्यावर चढता येतं, मिशन नसताना मी तिथे बसून सूर्यास्त पाहिलाय. फक्त काम चालू असताना त्याच्याकडे बघायचं नाही.

माझ्या मते हा या गेमचा मूळ दोष आहे आणि बाकीचे त्याच्या फांद्या. जग बनवणाऱ्यांचा खेळणाऱ्यावर भरवसा आहे, मिशन लिहिणाऱ्यांचा नाही. दोन्ही खाती आपापल्या जागी अव्वल. असेंब्लीत मात्र टक्क.

पैशाचंच बघ. गोष्टीत डच सारखा म्हणतो, पैसा हवा, आणखी एकच मोठा हात मारू आणि कायमचे निघून जाऊ. इकडे जगात ठिकठिकाणी सोन्याच्या विटा लपवलेल्या, चोरीचा माल घेणाऱ्याकडे एकेक ५०० डॉलरला जाते. १८९९ सालचे ५०० डॉलर! माझ्या आर्थरच्या खिशात दोनेक हजार असताना डच समोर उभा राहून पैशाचं रडगाणं गात होता. तळावरच्या पेटीत भरपूर टाकून पाहिले, पुढच्या प्रसंगात तेच गाणं.

बटणांबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे तू अजून फसलेला नाहीस. मी फसले. या गेममध्ये कंट्रोलरवरचं एलटू बटण दाबलं की समोरच्या माणसाकडे लक्ष जातं, मग त्याला रामराम करता येतो, त्याच्याशी बोलता येतं. फार सुंदर कल्पना. पण हातात बंदूक असेल तर तेच एलटू नेम धरतं. मी व्हॅलेंटाइन नावाच्या गावाबाहेर लांडग्यांशी झटापट करून गावात आले, पिस्तूल हातातच राहिलं होतं. तबेल्याजवळ एक म्हातारे गृहस्थ उभे. म्हटलं जरा ख्यालीखुशाली विचारू. एलटू. पिस्तूल थेट त्यांच्या नाकासमोर. ते किंचाळले, एक बाई धावत सुटल्या, मी गडबडीत भलतंच बटण दाबलं आणि गोळी सुटली. पुढची दहा मिनिटं मी चिखलातून पळत होते आणि मागून सगळं गाव गोळ्या झाडत होतं. शेवटी स्टेशनातल्या पोस्टाच्या खिडकीवर जाऊन डोक्यावरचं इनाम भरून आले, पाणीपट्टी भरावी तसं. सांगायचं एवढंच की गावात शिरण्याआधी एलवन बटण एकदा हलकेच दाबायचं, बंदूक कमरेला जाते. घोड्यावरून उतरलास की रायफल खांद्यावर आहे ना तेही बघ, ती खोगिराला राहिलेली असते. हे मला अस्वलापुढे उभी राहिल्यावर कळलं.

लाइटचं दुखणं मात्र मी इतरांकडून फारसं ऐकलं नाही, आणि तेच मला सगळ्यात आपलं वाटलं. मोकळं फिरताना मेनूतून हवं तेव्हा सेव्ह करता येतं, मिशन चालू असताना नाही. पीएस फोर झोपवून ठेवला तर गेम होता तिथेच थांबतो खरा, पण लाइट गेली की तेही गेलं. ज्यांच्याकडे रात्री एक वाजता वीज जात नाही त्यांनी हे ड्रॉइंग काढलंय. माझा तोडगा साधा आहे. नकाशावर मिशनची खूण म्हणून असलेल्या पिवळ्या अक्षरांच्या वाटेला सुट्टीच्या दिवशीच जायचं. शिफ्टच्या दिवशी शिकार, मासे, तळावरच्या लोकांशी गप्पा, आणि झोपण्याआधी सेव्ह. इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर कन्सोलही त्यावर घे. राउटर राहू दे, त्याचं या गेममध्ये काही अडत नाही.

उरला तुझा कातड्याचा मुद्दा. इथे मी गेमच्या बाजूने. लोक या सावकाशपणाला दोष म्हणतात, मला ते पटत नाही. आर्थर गुडघ्यावर बसतो, सुरी फिरवतो, ओझं उचलून घोड्यावर टाकतो, तेवढ्या वेळात आपण जीव घेतलाय हे ध्यानात येतं. बटण दाबलं आणि 'कातडं १' असा आकडा आला असता तर मी पन्नास हरणं मारून टाकली असती. तळावर पळता येत नाही, त्यावरही लोक चिडतात. मला चालतं. चालत गेलं की माणसं काही बोलतात, कुणी टोमणा मारतं, कुणी कॉफी पुढे करतं. पण कपाटाचा एकेक खण उघडून एकेक डबा उचलणं, दार, खण, डबा, परत खण, परत डबा, याला मात्र माझ्याकडे बचाव नाही. पहिल्या घरात मजा येते, चाळिसाव्या घरात ती हमाली.

प्रश्न: नातू सारखा 'ओपन वर्ल्ड, ओपन वर्ल्ड' म्हणतो. म्हणजे नक्की काय? वय ७१, टिंगल करू नये. (गंगापूर रोड)

उत्तर: टिंगल कसली काका. तुम्हाला कुणी सीबीएसला, आपल्या बसस्टँडवर, उतरवून सांगितलं, संध्याकाळपर्यंत रामकुंडावर या. बस, एवढंच. तुम्ही शालिमारवरून मेन रोडने जाल, वाटेत चहा घ्याल, भांडी बाजारात घासाघीस कराल, रविवार कारंजावर कुणी जुना मित्र भेटला तर तासभर तिथेच. नाहीतर थेट रिक्षा. हे ओपन वर्ल्ड. दुसऱ्या तऱ्हेच्या गेममध्ये सीबीएसला बसमध्ये बसवतात, काचा बंद, आणि रामकुंडावरच दार उघडतं. वाईट तोही नसतो, बसमधली गोष्ट चांगली असली तर. नातवाला सांगा तुमच्या हातात कंट्रोलर द्यायला, नुसतं बघून हे कळत नाही.

प्रश्न: तुम्ही मागे 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या गेममध्ये तलवारी तुटतात हा दोष नाही असं लिहिलंत. मला हे मुळीच मान्य नाही. मरमर करून चांगली तलवार मिळवायची आणि एका मारामारीत ती तुटणार. मग मी चांगल्या तलवारी वापरतच नाही, जपून ठेवतो. याला तुम्ही काय म्हणाल? (नाशिकरोड)

उत्तर: याला मी ठेवणीतली पैठणी म्हणेन. माझ्याही कपाटात आहे एक, घडीवर विरायला लागली.

तलवार तुटते म्हणूनच तुम्ही शत्रूच्या हातातला सोटा हिसकावता, कड्यावरून धोंडा ढकलता, कोरड्या गवताला आग लावता, पावसात विजेचा बाण मारून पाण्यातल्यांना शॉक देता. २०१७च्या मार्चमध्ये तो गेम आला तेव्हा लोक वेडे झाले ते याच गोष्टींनी. तलवार अतूट केली असती तर पहिल्या दिवशी मिळालेली चांगली तलवार घेऊन शेवटपर्यंत तेच बटण दाबत बसला असतात. आमच्याकडे काही पिना मुद्दाम कमजोर ठेवतात, शिअर पिन म्हणतात तिला. जास्त जोर आला की ती तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिला कुणी दोष म्हणत नाही.

तरी तुमचं निम्मं मान्य. पिन तुटावी, पण बदलायची सोय पाहिजे. या गेममध्ये साधी तलवार दुरुस्त करायला लोहार नाही. सहा वर्षांनी, मे २०२३मध्ये आलेल्या पुढच्या भागात, 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये, त्यांनी तुटणं काढलं नाहीच, उलट मोडक्या काठीला धोंडा, शिंग, काय मिळेल ते जोडायची युक्ती दिली. म्हणजे तक्रार ऐकली आणि हट्टही सोडला नाही. मला हे फार आवडलं.

पावसाबद्दल मात्र मी कधीच माफ करणार नाही. कुठल्याही कड्यावर चढता येणं ही या गेमची शान, आणि पाऊस आला की चार हात चढायचं, घसरायचं, परत चार हात. नियम खोटा नाही. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर पावसात काय होतं ते मला कुणी सांगायला नको, शनिवार-रविवारी तिथे रांगा लावणाऱ्यांना सांगा. पण खऱ्या पावसात माणूस टपरीत बसून भजी खातो. इथे मी एका कपारीत उभी राहून काठ्या जमवत होते, शेकोटी पेटवून तिच्याशी बसलं की गेममध्ये वेळ पुढे जातो, म्हणून सकाळ करायला. सकाळ झाली. पाऊस होताच.

याच गेममध्ये जागोजागी दडवलेल्या ९०० कोरोक बियांचं बरेच जण विचारतात. थैलीचे सगळे कप्पे ४४१ बियांत वाढतात, तिथेच थांबा. सगळ्या ९०० जमवणाऱ्याला जे बक्षीस मिळतं ते सोन्याचं असलं तरी देव्हाऱ्यात ठेवण्याजोगं नाही. तो दोष नव्हे, सगळं गोळा करत सुटणाऱ्यांना मारलेला टोमणा आहे.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघं मिळून छोटा ओपन वर्ल्ड गेम करतोय. गोदाघाट, पंचवटीच्या गल्ल्या, आणि गोष्ट अशी की गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, पूर येतोय, घाटावरच्या लोकांना वर हलवायचं. पाणी किती चढलं ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं. ज्यांना खेळायला दिलं ते म्हणतात दिसायला छान आहे, पण 'भीती वाटत नाही'. काय चुकतंय कळत नाही. (आडगाव)

उत्तर: हे वाचून मी ताडकन उठून बसले. कुठल्याही नाशिककराला विचार, पाऊस लागला की पहिला प्रश्न तोच, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला.

तुझ्या पत्रासोबतचा व्हिडिओ पाहिला. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे. एक आजोबा ओरडतायत, धाव, वेळ नाही! तुझा खेळाडू धावला नाही. तो कापडपेठेत गेला, मांजराला दूध पाजलं, देवळाच्या शिखराकडे बघत बसला, अर्धा तास. परत आला तर पाणी गुडघ्यालाच. आजोबा तिथेच, तेच ओरडतायत. मग कशाला वाटेल भीती?

एकटा तूच नाहीस. २०१५च्या 'विचर ३' या गेममध्ये नायक गेराल्टची मानलेली मुलगी सिरी संकटात आहे, सगळी गोष्ट तिला शोधायची, आणि मी तीन आठवडे खाणावळींत बसून ग्वेंट नावाचे पत्ते खेळले. मुलीचं काही बिघडलं नाही, ती थांबली होती. इतकी सुंदर लिहिलेली गोष्ट, पण गोष्ट म्हणते घाई कर आणि जग म्हणतं सावकाश होऊ दे, आणि खेळणारा नेहमी जगाचं ऐकतो.

तुला दोन वाटा आहेत. एक, घाईची भाषाच काढून टाक. पूर उद्या येणार आहे, आज सगळे सामान आवरतायत, असा दिवस दाखव. दुसरी अवघड, पण तुझ्या गोष्टीला तीच शोभेल: पाणी घड्याळावर चढू दे. खेळाडू कुठेही असो. २०००च्या 'मजोराज मास्क' या गेममध्ये तीन दिवसांत चंद्र गावावर कोसळतो, आणि गावातली माणसं तुमची वाट बघत नाहीत, आपापल्या वेळेला आपापली कामं करतात. तुम्ही उशिरा पोचलात तर तो प्रसंग घडून गेलेला असतो, वेळ मागे फिरवून पुन्हा यायचं. तुझा नकाशा लहान आहे, तुला हे जमेल. फुलवाली बाई पाणी कमरेला आलं की टोपली उचलून वर जाते. खेळाडू आधी पोचला तर तिचं सामानही वाचलं, नाही पोचला तर नुसती ती वाचली. माणसं मरायलाच हवीत असं नाही. रिकाम्या जागेवर तरंगणारी झेंडूची फुलं पुरेशी आहेत.

व्हिडिओत आणखी एक दिसलं. खेळाडूचा जोर वाढला की पाण्याचाही जोर वाढतो. हे तू कुठून उचललंस ते मी ओळखलं. २००६च्या 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये तुमची पातळी वाढेल तसे शत्रूही वाढायचे, शेवटी रस्त्यावरचे फुटकळ लुटारू काचेची महागडी चिलखतं घालून दारात उभे, आणि तुमच्याकडे मागतात काय, तर शंभर नाणी! अरे, चिलखत वीक की. खेळाडूला वाटलं पाहिजे की काल जी गल्ली मला ओलांडता आली नाही ती आज मी दोरी बांधून ओलांडली. नदीने त्याच्या बरोबरीने व्यायाम करू नये.

आणि चूक सापडली म्हणून सगळं मोडून बसू नकोस. 'विचर ३'मध्ये सुरुवातीला गेराल्ट वळवणं म्हणजे भरलेली हातगाडी वळवणं होतं. जुलै २०१५च्या १.०७ अपडेटमध्ये त्यांनी चालण्याचा दुसरा पर्याय दिला, जुना तसाच ठेवून. मी तो लावला आणि खेळ संपवला. एक मात्र कर: तिघांपैकी कुणीही न सांगता, ज्याने तुमचा गेम कधी पाहिला नाही अशा माणसाच्या हातात कंट्रोलर दे आणि मागे गप्प उभा राहा. 'तिथे नाही, इकडे' असं म्हणावंसं वाटेल तिथे जीभ चाव आणि वहीत लिहून घे. माणूस मिळाला नाही तर मी आहे, दुपारी दोननंतर मोकळी असते.

पुढच्या अंकासाठी लिहिताना कोणत्या मशीनवर खेळता ते आधी लिहा. मागे एका वाचकाने चार पानं तक्रार पाठवली, मी रात्र जागून उत्तर तयार केलं, आणि मग कळलं की तो फोनवर खेळतो.